कणकेचा आवाज

सप्ताहाच्या दिवसांत आमच्या घरी संध्याकाळी कणकेचा एक गोळा वेगळा काढलेला असायचा. माय भाकरीचं पीठ घेण्याआधी परातीत मूठभर गव्हाचं पीठ घ्यायची, सैलसर मळायची आणि वाटीत घालून माझ्या हाती द्यायची. ती देवळात पोचवायचं काम माझं. दादा पखवाज मांडीवर आडवा घेऊन बसलेले असत. डाव्या तोंडावर पाण्याचा हात फिरवायचा, गोळा मधोमध थापायचा, अंगठ्यानं कडा दाबायच्या आणि मग एक थाप. आवाज कोरडा आला तर चिमूटभर कणीक आणखी. चार-पाच थापांनंतर असा खर्ज निघायचा की फरशीवर बसलेल्याला तो कानाआधी मांडीला कळायचा. कीर्तन संपलं की दादा ती कणीक खरवडून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायचे.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पखवाज खुंटीला टांगलेला राहिला, डावीकडचं चामडं उंदरांनी कुरतडलं. गावात सप्ताह अजून होतो, पखवाजी बाहेरून येतो, आणि कर्ण्यांचा आवाज एवढा चढवलेला असतो की डावी बाजू वाजली काय न वाजली काय. घरातल्या लग्नानंतरचा गोंधळही असाच आक्रसत गेला. पूर्वी दिवटी पेटली की पहाट होईपर्यंत आख्यान चालायचं. परभणीच्या राजाराम कदमांना महाराष्ट्र गोंधळमहर्षी म्हणतो, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. माझ्या पुतणीच्या लग्नात गोंधळी आले, तासाभरात त्यांना आवरायला सांगितलं गेलं आणि डीजे सुरू झाला. संबळवाला म्हातारा वाद्य फडक्यात बांधत होता, तेव्हा मी त्याच्याशेजारी उभा होतो. काय बोलावं ते सुचलं नाही. आपल्या कानांवर जे संस्कार झाले ते आपल्याबरोबर संपणार, असं त्या रात्री मी मनाशी धरून टाकलं.

त्यानंतरच्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. परभणीहून गंगाखेडला त्याच्या गाडीतून निघालो होतो. पोखर्णी मागे पडली तसं तो म्हणाला, "मामा, एक ऐकवतो. आवडलं नाही तर सांगा, बंद करतो." आधी गिटार वाजली, मग ड्रम. आता देवाच्या नावावर काहीतरी नाचाचं असणार, असं वाटून मी खिडकीबाहेर बघू लागलो. गाणारा अभंगावर आला आणि मी सरळ बसलो. चाल वारकऱ्यांची होती. ठेका भजनी होता. आणि जिथं दादांच्या डाव्या हाताची थाप पडायची, नेमकी तिथंच गिटारची जाड तार वाजत होती. बास गिटार म्हणतात तिला, हे मला नंतर कळलं. गाडीच्या दारात बसवलेल्या स्पीकरमधून तो खर्ज माझ्या मांडीला लागला. मी भाच्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. कपाशीच्या शेताकडेला थांबून ते गाणं आम्ही तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझे डोळे भरून आले होते आणि भाच्याला वाटलं, मला बरं वाटत नाहीये.

त्या मंडळींचं नाव 'अभंग रिपोस्ट'. मुंबईची पोरं, 2016 पासून एकत्र वाजवतात. जुनं पत्र नव्या पत्त्यावर पुन्हा टाकावं, तसं त्यांचं काम आहे. शब्द संतांचे, त्यात फिरवाफिरव नाही, भोवती मात्र गिटार आणि ड्रम. ज्यानं त्या तारेला ती जागा दिली त्याच्या कानावर कधीतरी खरा पखवाज पडलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दादांची थाप ज्यांनी कधी ऐकली नाही, अशा मुलांच्या हातून ती मला परत मिळाली.

त्या दिवशी गंगाखेडला उतरल्यावर मी आधी जनाबाईच्या देवळात गेलो. लहानपणापासून शंभरदा गेलो असेन, पण त्या दिवशी एक गोष्ट नव्यानं कळली. जनाबाई गंगाखेडची. नामदेवांचं गाव परंपरा नरसी सांगते. ते आज हिंगोली जिल्ह्यात येतं, पण हिंगोली वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. त्याआधी दोन्ही गावं आमच्याच परभणी जिल्ह्यातली. म्हणजे मुंबईच्या मंचावर ही मुलं अभंगाला हात घालतात, तेव्हा त्यातला थोडा माल गोदाकाठचाच असतो. सातशे वर्षांपूर्वी तो पंढरपुराकडे पायी गेला, फडांतून, दिंड्यांतून फिरला, शहरात पोचला आणि पोखर्णीच्या रस्त्यावर मोटारीत बसून माझ्याकडे परत आला.

मग मला नादच लागला. रात्री जेवणं झाली की फोन कानाला. भाचा नावं पाठवायचा आणि एकातून दुसरं निघत जायचं. 'द फोक आख्यान' असं सापडलं. हर्ष-विजय या जोडीचं संगीत आणि ईश्वर अंधारे यांचे शब्द. जुन्या रचना जशाच्या तशा म्हणून दाखवणं हा त्यांचा मार्ग नाही. गण, गवळण, गोंधळ, भारूड हे साचे घ्यायचे आणि त्यांत आपले नवे शब्द ओतायचे, असं ते करतात. हे अभंग गाण्याहून अवघड आहे. अभंगाला तुकोबांची पुण्याई असते, नव्या शब्दांना पाठीशी कोणी नसतं. पुण्यात तिकीट काढून मी त्यांचा प्रयोग पाहिला. सभोवती सगळी विशी-पंचविशीतली मुलं-मुली होती, आणि आई उदोचा गजर झाला तेव्हा ती पोटातून ओरडली. मला फडक्यात संबळ बांधणारा तो म्हातारा आठवला. त्याला सोबत न्यायला हवं होतं, ही खंत अजून आहे.

रॅपकडे मात्र मी उशिरा वळलो. ते गाणं नव्हे, अशी माझी समजूत होती. भाच्यानं मुंबईच्या 'स्वदेसी'चं 'द वारली रिव्होल्ट' ऐकवलं. 2019 चं गाणं, आरेचं जंगल आणि आदिवासींची जमीन हा विषय. त्यात प्रकाश भोईर हे आरेतले आदिवासी कलावंत स्वतः गातात. त्यांच्या गळ्यातली ती ओढ कुठल्या स्टुडिओत शिकवता येत नाही. नवी मुलं त्यांच्या आजूबाजूला उभी आहेत, त्यांच्या पुढे नाहीत. पुढे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऐकला, 'हंड्रेड आरबीएच' या नावानं गातो. वऱ्हाडी बोली, रोखठोक शब्द. ऐकताना मला परभणीतल्या भीमजयंतीच्या रात्री आठवल्या. एका फळीवर पेटी, ढोलकी, एक गायक आणि मागे धरणारे चौघं. भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि आयुष्यभर गावोगाव फिरून आपल्या माणसांना आपल्याच भाषेत जागं करत राहिले. त्यांच्या हाती यंत्र नव्हतं, या पोरांच्या हाती आहे. एक बोलतो, बाकीचे शेवटचा शब्द उचलून धरतात, आणि ऐकणाऱ्याची मान ताठ होते. आंबेडकरी जलशाचं काम हेच होतं. म्हणून हा मुलगा मला जलशाच्या घरातला वाटतो, त्याच्या टोपीकडे बघून कोणी काही म्हणो.

सगळंच मला पटतं असं नाही. कितीतरी नव्या गाण्यांत वेग फार आहे. भजनात चाल चढत चढत जाते, पण त्याआधी विलंबितात बसायला वेळ दिलेला असतो. टाळकरी एकमेकांचे डोळे बघतात, श्वास जुळतात, मग पावली उचलते. चार मिनिटांत ते बसत नाही. आणि जुन्या चालीवर नवं गाणं बेतून मूळ गाणाऱ्याचं नावही न घेणारे तर पैशाला पासरी झालेत. भोईरांचं नाव घेऊन त्यांना मध्यावर उभं करणारी मुलं आणि ही मंडळी यांना मी एका पंक्तीला बसवणार नाही.

या शोधाशोधीतच ताडकळस सापडलं. पूर्णा तालुक्यातलं हे गाव, आमच्याच जिल्ह्यातलं, माझे सोयरे तिथं आहेत. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' 2017 पासून त्या लोकांपुढे ठेवत आहे. त्यात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. नव्वदच्या दशकात त्यांचा आवाज टिपलेला आहे. मी रात्री अकराला ऐकायला लागलो. साथीला काही नाही, एकटा आवाज, आणि सीतेचा वनवास. ओळीच्या शेवटी सूर खाली येताना जरा थबकतो, वरचं पाळं फिरून खुंटा परत आपल्याकडे यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. हे थबकणं मी ओळखलं. माय अशीच गायची. जनाबाईचं जातंही असंच फिरलं असेल. आणि ज्या कणकेचा गोळा मी वाटीत घालून नेत असे, तिचं पीठ मायच्या जात्यावर, त्याच सुरात दळलेलं होतं. मुंबईच्या पोरांच्या बोटाला धरून मी आमच्याच स्वयंपाकघरात येऊन पोचलो होतो.

माय आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी फोन समोर ठेवला आणि म्हटलं, "माय, ओवी म्हण." पहिली ओळ म्हणून ती थांबली. पुढचं आठवेना. "जात्याबिगर कुठं येतंय रे," म्हणाली. आमचं जातं कधीच अंगणात पालथं पडलंय, तिच्यानं ते हलणार नव्हतं. मी तिच्यापुढं परात ठेवली. तिनं कडेवर हात ठेवला, सवयीनं गोल फिरवला, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी. बापाची, भावाची, पंढरीची, एक माझ्या जन्माची जी मी कधी ऐकलीच नव्हती. परात फरशीवर घासत होती, तो आवाजही रेकॉर्डिंगमध्ये आला आहे आणि तो मी काढून टाकणार नाही.

त्या सकाळी 31 ओव्या झाल्या. शेवटी मायनं स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि तिला ओव्या शिकवणाऱ्या आजीचं नाव बोलून ठेवलं. पखवाजाला नवं चामडं चढवून आणलंय, भाचा सुटीत आला की डाव्या हाताची थाप शिकतो आणि कणीक माय मळून देते. तुमच्या घरात ओवी येणारी बाई असेल तर या आठवड्यात तिच्यापुढे बसा. नुसता फोन ठेवू नका, हात फिरवायला एक परात द्या.