जवळची आठवण आणि वहीतली नोंद

संगणकाच्या पोटात आठवण ठेवायच्या दोन जागा असतात. एक मोठी पण जरा लांबची. तिला आपण रॅम म्हणतो. दुसरी अगदी छोटी, प्रोसेसरच्या हाताशी असलेली. तिचे नाव कॅश. स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा आणि कोठीतला मोठा डबा यांचे जे नाते, तेच या दोघींचे. चिमूटभर हळदीसाठी दरवेळी कोठीत जावे लागले, तर सालन कधी शिजणार? म्हणून रोजचे लागणारे हाताशी ठेवायचे.

शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने हे का सांगावे, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे आमचे एक उस्ताद गेल्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. निवृत्तीनंतर अनेक वर्षे ते उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक शब्दसंग्रह लिहीत होते. दोन्ही भाषांत दिसणारे, पण अर्थ बदललेले शब्द त्यात होते. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे, मराठीत खालच्या बाजूला. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणे किंवा वाद, मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. आमची मुले मराठीच्या पेपरात नेमकी इथेच अडखळतात. असे पुस्तक हाती यावे, ही प्रत्येक शिक्षकाची इच्छा असते.

हे सारे होते त्यांच्या जुन्या संगणकात, इनपेज या सॉफ्टवेअरमध्ये. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचे इनपेज 1994 मध्ये आले आणि उर्दू छपाईचे रूप बदलले. त्यातले नूरी नस्तालीक अक्षर मिर्झा अहमद जमील यांच्या मेहनतीतून 1981 मध्ये घडले होते. नस्तालीकमध्ये अक्षरे एकमेकांना वेगवेगळ्या तऱ्हेने जोडली जातात, म्हणून हजारो जोडाकृती तयार कराव्या लागल्या. असे पान पडद्यावर उमटवताना जुन्या संगणकाचा दम निघे. तिथे कॅश कामाला येई.

चाची म्हणाल्या, “बेटी, नातू हे यंत्र भंगारात द्यायचे म्हणतोय. त्याआधी यांचे लिहिलेले काढून घे.” फायली पडद्यावर व्यवस्थित उघडत होत्या. पण प्रिंटरची रिबन सुकलेली, आणि यंत्राला पेन ड्राइव्ह लावायची सोयच नाही. ओळखीच्या एका बुजुर्ग मेकॅनिक भाईंना बोलावले. त्यांनी हार्ड डिस्क काढून नव्या संगणकाला जोडून पाहिली. नव्याने जुनीला ओळखच दिली नाही. उरली फ्लॉपी. फायली फ्लॉपीवर उतरवल्या, पण दुसरीकडे नेल्या की एक तर उघडत नव्हत्या, नाही तर अर्ध्या पानानंतर कचरा दिसे. फ्लॉपी बदलल्या, ड्राइव्ह बदलला, फरक पडला नाही.

भाईंनी बोर्ड नीट पाहिला. बोर्ड 486 च्या काळातला. त्यावर नंतर कोणी एएमडीचा 5एक्स86 बसवलेला. हा प्रोसेसर 1995 चा, 133 मेगाहर्ट्झचा, पोटात 16 केबी कॅश असलेला. भाई म्हणाले, “बोर्ड जुना, दिमाग नवा. दोघांचा हिशेब जुळत नाही.”

हिशेब असा. कॅश दोन रीतींनी चालवता येते. एका रीतीत प्रोसेसरने काही लिहिले की ते कॅशमध्ये आणि त्याच वेळी रॅममध्येही जाते. तिला राइट-थ्रू म्हणतात. दुसऱ्या रीतीत ते आधी फक्त कॅशमध्ये राहते आणि सवडीने रॅममध्ये उतरते, ती राइट-बॅक. दुसरी जलद, पण तिच्यासाठी बोर्ड समजूतदार हवा. अशा जुन्या यंत्रात हार्ड डिस्कचे लिखाण बहुधा प्रोसेसरच्या हातून जाते, म्हणून तिथे चूक होत नव्हती. फ्लॉपी मात्र डीएमए नावाच्या वाटेने प्रोसेसरला न विचारता थेट रॅममधून माल उचलते. ताजे शब्द कॅशमध्ये अडकलेले, रॅममध्ये शिळे. फ्लॉपीवर शिळेच गेले. जो बोर्ड राइट-बॅक ओळखतो, तो अशा वेळी आधी कॅशला विचारतो. हा बोर्ड विचारत नव्हता.

खात्री करायला भाईंनी यंत्र सुरू होताना डिलीटचे बटण दाबून सेटअप उघडला आणि ‘इंटर्नल कॅश’ बंद केली. यंत्र इतके मंदावले की एक पान उमटेपर्यंत चहा पिऊन व्हावा. पण फ्लॉपीवरची फाईल दुसरीकडे अलहमदुलिल्लाह हरफन् हरफ बरोबर उघडली. मग वीज पूर्ण काढून, बोर्डावर छापलेला तक्ता पाहून त्यांनी एक छोटा जम्पर राइट-थ्रूच्या जागी बसवला आणि कॅश पुन्हा चालू केली. आता वेगही आला आणि नोंदही खरी. घरी कोणी असे यंत्र उघडणार असेल, तर आधी जम्परांचा फोटो काढून ठेवावा. या प्रोसेसरला साडेतीन व्होल्टच्या आसपास वीज लागते. व्होल्टेजचा जम्पर चुकून पाच व्होल्टवर गेला, तर तो जळून जाईल.

चार फ्लॉपींत सगळा संग्रह मावला. चाचींच्या परवानगीने त्याच्या प्रती आता शाळेत आहेत.

पण संग्रह अपुरा आहे. उर्दू वर्णमालेप्रमाणे तो ‘लाम’पर्यंत आला आणि थांबला. ‘मीम’पासून ‘ये’पर्यंतचे शब्द उस्तादांच्या मनात होते. तिथून ते कागदावर उतरलेच नाहीत, आणि तिथे कोणताही जम्पर चालत नाही. आपल्या दीनने देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. आपण घरातला हिशेब लिहितो, पण दादीच्या औषधांची माहिती, नानांनी सांगितलेली खानदानाची नावे, शेतातल्या बांधाची हकीकत, हे सगळे ‘पुढे बघू’ म्हणून एकाच माणसाच्या डोक्यात राहू देतो. तो माणूस उठून गेला की घरात शिळी माहिती उरते, किंवा काहीच उरत नाही. सुट्टीत मुलांच्या हाती एक वही द्या आणि त्यांना बुजुर्गांजवळ बसवा. सांगितलेले त्याच दिवशी लिहून घ्यायचे, इतकीच अट.

आमच्या आठवीच्या मुलींनी ‘मीम’ सुरू केला आहे. पहिला शब्द ‘मजकूर’: उर्दूत ‘मज़कूर’ म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते, मराठीत लिहिलेला मसुदा. ‘ये’ अजून लांब आहे, पण एकीने त्यासाठी शब्द राखून ठेवलाय: उर्दूत ‘याद’ म्हणजे आठवण, मराठीत तिचीच ‘यादी’ झाली. मी तिला म्हटले, राखून ठेवू नकोस, आजच लिही.