ट्यूलिपच्या गावाला कधी जाल?

परदेशप्रवासाचे पैसे वर्षानुवर्षं साठवायचे आणि तारीख मात्र मुलांच्या परीक्षा, यजमानांची रजा आणि सासूबाईंची तब्येत बघून ठरवायची, ही आपली रीत. पण हॉलंडला ट्यूलिप बघायला जायचं असेल, तर भगिनींनो, तारीख आधी फुलांना विचारा!

लिसे गावची क्युकेनहॉफ बाग १९५० साली लोकांसाठी खुली झाली. नावाचा अर्थ चक्क ‘स्वयंपाकघराची बाग’! सुमारे ३२ हेक्टरांच्या या बागेत दरवर्षी जवळजवळ ७० लाख कंद हातानं लावतात. ती उघडी असते मात्र फक्त मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. शिवाय बाहेरच्या शेतांतली फुलं त्याआधीच खुडून टाकतात, म्हणजे जमिनीतला कंद चांगला पोसतो. मुलांना मेची सुटी लागून तुम्ही सामान बांधेपर्यंत सारा खेळ संपलेला!

मार्चअखेर गेलात तर गर्दी कमी. क्रोकस, डॅफोडिल, हायसिंथ भेटतील. ट्यूलिप मात्र बहुतेक काचघरांतच. रंगीत पट्ट्यांची ती शेतं बघायची, तर एप्रिलचा मध्य गाठावा. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते, खोल्याही महागतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा आणि ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमाही हवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात. त्या दिवशीची गाडी चुकवू नका!

मार्चमध्ये दिवसाही पारा दहा अंशांच्या आसपास, वर समुद्रावरचा बोचरा वारा. साडीच नेसणार असाल तर आतून लोकरी पायजमा, पायांत मोजे आणि बूट हवेतच. छत्री वाऱ्यानं उलटते. टोपीचा रेनकोट बरा.

आणि हो, फुलं बघताना एक गोष्ट आठवा. १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न मिळेनासं झालं. वीस हजारांवर माणसं दगावली. तेव्हा तिथल्या बायकांनी हेच कंद सोलून, मधला पिवळा कोंब काढून, बटाट्यासारखे उकडले. वाळवून त्यांचं पीठ केलं. मुलांच्या पोटात काहीतरी घालायचं, एवढाच विचार! (आपण मात्र हा प्रयोग करू नये, शोभेचे कंद पोटाला बाधतात.) हे ठाऊक असलं की त्या शेतांकडे नुसतं फोटोपुरतं बघवत नाही.

तेव्हा कॅलेंडर काढा आणि एप्रिलच्या मधल्या आठवड्यावर खूण करा. परीक्षा आडव्या येत असतील, तर आठ दिवस घर यजमानांवर सोपवून मैत्रिणींबरोबर निघा. वरणभाताचा कुकर त्यांनाही लावता येतो. बहर काही आपल्यासाठी थांबत नाही.