लाल मुनिया

पावसाळा सरत आला म्हणजे खानदेशातील माळांवर गवत उंच वाढते. जळगाव-धुळ्याकडच्या शेतांत ज्वारी-बाजरीची कणसे भरू लागतात. अशा वेळी बांधावरच्या गवतातून चिमुकल्या पाखरांचा थवा भुर्रकन उडतो आणि पलीकडच्या गवतात दिसेनासा होतो. चिमणीहूनही लहान अशी ही पाखरे म्हणजे मुनिया. गवताचे बारीक बी सोलून खाण्यास त्यांची आखूड, जाड चोच फार सोयीची असते.

पण मुनिया सगळ्या सारख्या नसतात. कोरड्या, काटेरी माळावर भेटते ती बहुधा साधी मुनिया. तिची पाठ मातकट, पोट पांढुरके, शेपटी काळी व अणकुचीदार, तर चोच रुपेरी करड्या रंगाची असते. सुगरणीने सोडून दिलेल्या घरट्यातही ती खुशाल रात्र काढते.

लाल मुनियेला मात्र पाण्याजवळचे दाट गवत अधिक प्रिय. विणीच्या दिवसांत तिचा नर लालबुंद होतो. कुंकवावर रांगोळीचे ठिपके द्यावेत, तसे शुभ्र ठिपके त्याच्या अंगावर शोभतात. मादीचा वेश साधा, मातकट. हंगाम संपला की नरही आपला भरजरी पोशाख उतरवून मादीसारखाच दिसू लागतो. मग केवळ रंगावर विसंबणारा हमखास फसतो! जाणता निरीक्षक उडणाऱ्या पाखराच्या शेपटीच्या मुळाशी पाहतो. तेथील लाली नरमादी दोघांनाही बारा महिने असते.

या लाल रंगानेच पाखरावर संकट ओढवले. पूर्वी या मुनिया पकडून पिंजऱ्यात घालीत आणि अहमदाबादेहून परदेशी पाठवीत. त्या शहराच्या नावाचा अपभ्रंश होऊन पाखराला ‘अमंदावा’ हे नाव मिळाले. १७५८ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने तेच शास्त्रीय नाव म्हणून नोंदविले. पाखरू वाढले गवतात; नाव मात्र त्याला बाजाराचे लाभले!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आज या पाखरांना लाभले आहे. त्यांना पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याने पिंजऱ्याचे दार उघडले, तरी परतावयास गवत हवे. बांधावरचे गवत जाळले, नदीकाठ खणून उजाड केला, तर मुनियेने गवताच्या पात्यांचे आपले गोल घरटे बांधावे कोठे? तिला नुसते नावाने ओळखून भागत नाही. तिचे घरही ओळखावे लागते.