पाय मोडणारी कळ

मराठीतला 'कळ' हा शब्द मोठा खट्याळ आहे. कळ दाबता येते, कळ लावता येते, कळ सोसता येते. आणि पोटात उठते तीही कळच! या साऱ्या कळा एकाच घरात, एकाच आठवड्यात नांदू शकतात हे मात्र मला गेल्या वर्षी, नवरात्र संपता संपता कळले.

झाले असे, की रात्री जेवणे आटोपल्यावर मी लॅपटॉप उघडून दादाला पत्र लिहायला बसले. साधेसुधे पत्र नव्हे. मुद्द्यांना क्रमांक घातलेले पत्र! अण्णा गेल्यापासून त्यांच्या चेंबूरच्या जागेवरून आम्हां भावंडांत जे धुमसत होते, त्याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. दोन भाऊबिजा मी इथे नेरूळलाच बसून काढल्या होत्या. वास्तविक मध्ये आहे काय? एक खाडी आणि हार्बरची लोकल. १९९२ साली ही लोकल पहिल्यांदा वाशीपर्यंत आली, तेव्हा नवी गाडी दाखवायला अण्णाच आम्हां दोघांना घेऊन आले होते. येताना खिडकी दादाची आणि जाताना माझी, असा तंटाही त्यांनीच मिटवला होता. आता तंटा मिटवणारेच नव्हते.

रागातसुद्धा मायना चुकवायचा नाही, हे अण्णांनी लावलेले वळण. म्हणून 'तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार' असे लिहिले आणि पडद्याकडे पाहते तो काय! 'तीरथरूप दादास साषटांग नमसकार'! पुढे मुद्द्याचा 'मुददा' झाला, हक्काचा 'हकक' झाला. आणि अण्णा? अण्णांचे नुसते 'णणा' उरले. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईच्या हातून असले पत्र गेले असते, तर दादाने ते फ्रेम करून भिंतीवर लावले असते.

मी टंकते त्या पद्धतीला 'इनस्क्रिप्ट' म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आपल्या लिप्यांसाठी जे मानक ठरवले, त्यात हीच मांडणी दिली आहे. मांडणी मोठी शहाणी आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी 'डी'च्या कळीवर अक्षराचा पाय मोडायची खूण; आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की 'अ'. म्हणजे माझी एकच कळ रुसली होती, पण तिने जाताना सगळी जोडाक्षरे आणि वर अण्णांचा 'अ'ही नेला होता.

"आई, बंद करून परत चालू केलंस का?" चिरंजीवांनी आतून विचारले. हल्लीच्या वैद्यकातली ही सुंठ! करून पाहिले, गुण नाही. मग तो स्वतःच येऊन बसला. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू होते आणि मग हलके दाबलेले अक्षर संगणक मोजतच नाही, म्हणून त्याने आधी ते तपासले. ती सोय बंदच होती. मग भाषा बदलून इंग्रजी केली. इंग्रजीत दादा लिहायला गेले, तर दोन्ही 'डी' गळून नुसते दोन 'ए' राहिले! मग त्याने पडद्यावरच कळफलकाचे चित्र आणले आणि माऊसने त्यातली ती कळ टिचकली. अक्षराचा पाय लगेच मोडला! म्हणजे मराठीत दोष नव्हता. शेवटी शेजाऱ्यांचा सुटा कळफलक मागून आणून जोडला. त्यावर 'अण्णा' अगदी स्वच्छ उमटले. म्हणजे संगणकातही दोष नव्हता.

"दुखणं त्या एकाच कळीखाली आहे," चिरंजीवांनी निदान केले. मला कौतुक वाटले. भांडणातही आपण अशी एकेक शंका बाजूला काढत गेलो तर! पण तिथे आपण सारे घरच बिघडले म्हणून मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी वाशीला दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातल्या मुलाने ती कळ अलगद उचलून दाखवली. खाली रबराची इवलीशी टोपी, तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे आणि त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेषा. बोटाने दाबले की वरची रेषा खालचीला टेकते, आणि त्या स्पर्शावरून संगणकाला अक्षर कळते. मध्ये काही आले की स्पर्श नाही, आणि स्पर्श नाही म्हणजे अक्षर नाही.

"मॅडम, चहा सांडला होता का?"

"छे!" मी म्हटले. आणि मग आठवले. गणपतीत दादाचा मेसेज आला होता. तो वाचून मी कप असा आपटला होता, की चार थेंब उडाले होते. मी ते पदराने पुसलेही होते.

"चहा वाळतो हो," तो म्हणाला, "साखर आत राहते."

कळफलक आतल्या बाजूने पक्का ठोकलेला असल्यामुळे वरचे सबंध झाकणच बदलावे लागणार होते. ते यायला चार दिवस. तोवर सुटा कळफलक लावून काम चालवा, असे सांगून त्याने लॅपटॉप परत दिला.

रात्री पुन्हा ते पत्र उघडले. सुटी सुटी उभी असलेली ती अक्षरे पाहवेनात. प्रत्येक अक्षर आपापल्या दोन पायांवर ताठ, कुणी कुणाला टेकायला तयार नाही! जोडाक्षर होते ते पहिले अक्षर आपला पाय मोडून घेते म्हणून. दुसऱ्याला काहीच करावे लागत नाही. 'हक्क' हा एवढा ताठ शब्द. पण त्यातल्याही पहिल्या 'क'ला पाय मोडून घ्यावाच लागतो. आणि पाय मोडल्याने कमीपणा येतो असेही नाही. 'तीर्थरूप'मधला 'र' पाहा ना, रफार होऊन थेट 'थ'च्या डोक्यावर जाऊन बसतो! हे सारे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून दाखवते.

सुटा कळफलक जोडायला मी उठलेच नाही. क्रमांक घातलेले मुद्दे खालून वर पुसत गेले. वर 'दादा' एवढाच शब्द धड होता. तो ठेवला आणि त्याच मोडक्या कळफलकावर पुढे लिहिले, 'दादा, भाऊबीजेला येते.' सबंध ओळीत एक जोडाक्षर नाही, एक 'अ' नाही. रुसलेल्या कळीची गरजच पडली नाही.

दादाचे उत्तर आले नाही. तरी बिजेच्या दिवशी सकाळची लोकल धरून चेंबूरला गेले. जागेचा प्रश्न होता तिथेच होता. अजूनही पुरता सुटलेला नाही. पण दार उघडेच होते, आणि आत अण्णांच्या खोलीत पाट मांडून, भोवती रांगोळी काढून झाली होती.