पुस्तकांना नंबर लावताना



भारतातून परतताना आपल्या बॅगांचं वजन कशानं वाढतं हे सांगायला नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि उरलेल्या दोन-चार किलोंत पुस्तकं. विमानतळावर मसाल्याचे डबे उघडून दाखवावे लागतात, पुस्तकांना मात्र आजवर कोणी अडवलेलं नाही. असं करत करत इथे स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये आमच्या पाच-सहा घरांत मिळून तीनशेच्या वर मराठी पुस्तकं जमली. ती सगळ्यांना वाचायला मिळावीत आणि नेलेलं पुस्तक परत आलं की नाही हे चटकन कळावं, म्हणून प्रत्येकाला बारकोड लावायचं ठरवलं.

"अहो, पुस्तकाच्या मागे छापलेला असतोच की!" असं कोणीही म्हणेल. पण आयएसबीएन क्रमांक आला १९७० च्या सुमारास, आणि दुकानात पहिली वस्तू बारकोडवर विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी. ती वस्तू होती च्युइंगमचं पाकीट! आपल्या आई-वडिलांची पुस्तकं त्याआधीची. शिवाय एकाच आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर आयएसबीएन एकच असतो. तुमची प्रत कोणती आणि आमची कोणती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आपला स्वतःचा नंबर हवा.

जाता जाता एक गंमत. ओरायनमध्ये खरेदी करताना बघा : ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या मालाचा आकडा ९३ ने सुरू होतो, भारतातला ८९० ने. (माल कुठे बनला हे त्यावरून ठरत नाही, क्रमांक कुठे घेतला एवढंच कळतं.) पण पुस्तकावर ९७८ च्या पुढे ९३ दिसलं, तर ते पुस्तक भारतातलं!

घरच्या विंडोजवर बारकोड करणं वाटतं तितकं अवघड नाही. आम्ही 'कोड ३९' हा प्रकार घेतला. त्यात प्रत्येक अक्षराला पाच काळ्या पट्ट्या आणि मधल्या चार मोकळ्या जागा, म्हणजे एकूण नऊ, त्यातल्या तीन रुंद. याचा फॉन्ट फुकट मिळतो. एक्सेलमध्ये एका रकान्यात नंबर लिहायचा, शेजारच्या रकान्यात त्याच्या आधी आणि नंतर फुली (तारांकन) जोडायची आणि त्या रकान्याला तो फॉन्ट लावायचा. फुलीमुळे सुरुवात आणि शेवट स्कॅनरला कळतो. मग वर्डमधल्या मेल मर्जने लेबलांचे ए-फोर कागद छापायचे. या लिपीत देवनागरी बसत नाही, फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं. म्हणून पट्ट्यांत 'एम' आणि चार आकडे, आणि खाली पुस्तकाचं नाव आपल्या लिपीत.

छापताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. 'फिट टू पेज' बंद ठेवून शंभर टक्के आकारातच छापावं, नाहीतर पट्ट्यांची रुंदी बिघडते. दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर कोरी जागा सोडावी. आणि पट्ट्या काळ्याच ठेवाव्यात. बऱ्याच स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल पट्टी दिसतच नाही. दुकानातल्या पावतीसारखा थर्मल कागद स्वस्त वाटतो, पण क्वीन्सलँडच्या उन्हात गाडीत राहिला तर काळवंडतो, नाहीतर काही दिवसांनी फिका पडतो. पुस्तकं वर्षानुवर्षं टिकायची, म्हणून आम्ही लेझर प्रिंटर वापरला.

स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक कीबोर्डच. नोटपॅड उघडून 'टिक' केलं की नंबर उमटला पाहिजे. त्या वेळी विंडोजचा कीबोर्ड मराठीवर असेल तर 'एम' च्या जागी भलतंच अक्षर येतं, तेवढं बघावं.

खरा प्रश्न आला तो लेबल चिकटवताना. बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहिलेलं आहे. कुठे 'लग्नानिमित्त सप्रेम भेट, १९६८', कुठे वक्तृत्व स्पर्धेचं दुसरं बक्षीस, कुठे नुसतीच आईची सही. आमच्यातले एक आजोबा कायमचे नाशिकला परत जाताना आपली सगळी पुस्तकं आमच्याकडे ठेवून गेले. ते म्हणाले होते, "नंबर पडला की पुस्तक सरकारी झालं. मग ते कोणाचंच नाही." बोलणं मनाला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे ही पुस्तकं कोण वाचणार, हा प्रश्न त्याच वाक्यात दडलेला आहे.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. लेबल मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, पहिल्या पानाला हात लावायचा नाही. आणि यादीत लेखक, प्रकाशक यांच्या शेजारी आणखी एक रकाना : 'हे पुस्तक कोणाचं, कुठून आलं'. पहिल्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा तिथे उतरवला. स्कॅनर चालवायचं काम मुलांनी हौसेनं पत्करलं आहे. त्यांतल्या काहींना मराठी नीट वाचता येत नाही, पण 'टिक' झाल्यावर पडद्यावर नाशिकच्या आजोबांचं नाव आलं की "हे आजोबा कोण?" असं विचारतात, आणि मग आम्हाला सांगावंच लागतं.

तुमच्याकडची पुस्तकं यादीत यावीत असं वाटत असेल तर जरूर आणा. लेबलं आम्ही छापू. तुम्ही फक्त त्या एका रकान्यात काय लिहायचं ते सांगा. दोन ओळी पुरेत.