राजीखुशीचा कागद

‘राजीनामा’ म्हणजे पद सोडल्याचे पत्र, एवढाच अर्थ आज उरला आहे. मराठेशाहीत मात्र तंटा पंचायतीपुढे नेताना वादी-प्रतिवादी ‘निवाडा मान्य करू’ असा जो लेख लिहून देत, तोही राजीनामाच. ‘पंचामुखी परमेश्वर’ या म्हणीचे बळ त्या राजीखुशीत होते.

आजचा लवादही संमतीवरच उभा आहे. परंतु घर, विमा किंवा बियाणे घेणाऱ्याची संमती बारीक टाइपात आधीच छापलेली असते. कलमे एकाने रचावयाची, दुसऱ्याने केवळ सही करावयाची. आणि तंटा उद्भवला की ‘तुम्हीच कबूल केले होते’ असे ऐकून घ्यावयाचे!

या संमतीचे मोल न्यायालयांनी कसे केले, हे पाहण्याजोगे आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपला उपाय इतर कायद्यांच्या जोडीला ठेवला. त्या आधारे, लवादाचे कलम असले तरी ग्राहकाची तक्रार चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सदोष बियाण्याने पीक बुडालेल्या शेतकऱ्यांनाही तेच दार खुले राहिले. तपासणीसाठी बियाणे राखून ठेवले नव्हते, हा आक्षेप टिकला नाही. शेतकरी बियाणे घेतो ते पेरण्यासाठी, पुराव्यासाठी नव्हे. कायद्याच्या भाषेला मातीचा वास क्वचितच येतो. येथे तो आला.

२०१५ साली लवाद कायद्याचे आठवे कलम बदलले, तेव्हा हे दार मिटले असा दावा एका गृहबांधणी कंपनीने केला. १० डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. ग्राहकाला लवाद हवा असेल तर तो त्याने निवडावा; त्याच्यावर तो लादता येणार नाही.

अमेरिकेत २०११ साली नेमके उलट घडले. ‘फुकट’ म्हणून दिलेल्या मोबाइलवर आकारलेल्या ३०.२२ डॉलर कराबाबतचा सामूहिक दावा तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, लवादाच्या कलमापुढे थोपविला. एवढ्याशा रकमेसाठी एकटा माणूस कोठे भांडणार?

अर्थात, दार उघडे असणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. तक्रार शक्यतो तीन महिन्यांत, आणि चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकाली निघावी, असे २०१९ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात. पीक बुडालेल्याला पुढची पेरणी थांबविता येत नाही. अशा थकलेल्या माणसाने अखेर तक्रारच सोडून दिली, तर राजीनाम्याचा जुना अर्थ पुसला जाऊन तेथेही आजचाच अर्थ उरेल.