झिजेचा दाखला

एकच हालचाल वर्षानुवर्षे करून शरीराला होणारी इजा कोणत्याही एका दिवशी घडत नाही. गोळी लागल्याची तारीख असते, अपघाताची वेळ कागदावर येते. मनगट, कोपर, खांदा आणि मान मात्र हळूहळू झिजत जातात. अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेले सैनिक अशा दुखण्यासाठी अपंगत्वाची भरपाई मागतात, तेव्हा त्यांच्यापुढची मुख्य अडचण हीच असते. भरपाई देणारे माजी सैनिक खाते, म्हणजे ‘व्हीए’, पुरावा मागते आणि झीज सहसा पुरावा मागे ठेवत नाही.

विमानांचे मेकॅनिक हादरणारी अवजारे तासन्‌तास हातात धरतात, कारकुनी आणि संदेशवहनाच्या कामावरचे सैनिक दिवसभर कीबोर्डवर बोटे चालवतात, पायदळाचे जवान खांद्यांवर जड ओझी वाहतात. यातून जडणाऱ्या दुखण्यांपैकी कार्पल टनेल सिंड्रोम सर्वांत परिचित. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणारे 9 स्नायुरज्जू आणि मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू जातो. रज्जूंभोवतीचे आवरण सुजले की मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, रात्री मुंग्या वाढतात, पुढे हातातली वस्तू सुटू लागते.

दावा मंजूर होण्यासाठी सर्वसाधारणपणे तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: आज दुखणे आहे, सेवेत असताना त्याला कारण ठरणारे काही घडले, आणि या दोहोंचा वैद्यकीय संबंध आहे. पहिली गोष्ट तपासणीने ठरते. दुसरीपाशी अनेकांची वाट अडते. पथकापासून दूर व्हावे लागेल किंवा कुचराईचा शिक्का बसेल या भीतीने सैनिक दुखणे अंगावर काढतो, त्यामुळे सेवाकाळातल्या वैद्यकीय कागदांत मनगटाचा उल्लेखही सापडत नाही. तिसरी गोष्टही सोपी नाही. निवृत्तीनंतर नागरी नोकरीत पुन्हा हातांचेच काम केले असेल, तर दुखणे नक्की कोणत्या कामाचे, हा प्रश्न उभा राहतो.

तरीही कायद्याने दारे बंद केलेली नाहीत. निदान निवृत्तीनंतर झाले, तरी सेवेशी संबंध दाखवता आला तर दावा टिकतो. डॉक्टरने संबंध ‘असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे’ असे कारणांसह लिहिले, तर ते पुरेसे असते; दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो. स्वतःला काय जाणवत होते हे सैनिक स्वतः सांगू शकतो. सोबत्यांची आणि कुटुंबीयांची लेखी निवेदने ग्राह्य धरली जातात. नेमलेल्या कामाचे स्वरूप सांगणारी सेवा-कागदपत्रेही महत्त्वाची ठरतात. 1995 च्या डीलुका खटल्याने सांध्यांच्या दुखण्याबाबत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: सांधा एकदा किती वाकतो एवढेच मोजून चालणार नाही, वारंवार वापरानंतर वेदना आणि थकव्याने हालचाल किती घटते तेही पाहावे. 2018 च्या सॉन्डर्स खटल्यात, कार्यक्षमता कमी करणारी वेदना ठरावीक निदानाशिवायही अपंगत्व ठरू शकते, असे न्यायालयाने मान्य केले.

अपंगत्व दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी मोजतात. मीडियन नर्व्हची मध्यम तीव्रतेची इजा प्रमुख हातात असेल तर 30 टक्के, दुसऱ्या हातात असेल तर 20. त्यांची सरळ बेरीज होत नाही. दुसरी टक्केवारी उरलेल्या 70 टक्के क्षमतेवर लावतात आणि उत्तर 44 येते. दोन्ही हात बाधित असल्याने त्यात त्याचाच दहावा हिस्सा मिळवला जातो. 48.4 होतात आणि अंतिम आकडा 50 धरला जातो. हा नियम माहीत नसेल, तर 44 चे 40 झालेले पाहून सैनिक गप्प बसेल.

दावा फेटाळला गेला, तरी 2019 पासून लागू झालेल्या पद्धतीत तीन मार्ग आहेत: नवा आणि संबंधित पुरावा देऊन पूरक दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा अपील मंडळ. निर्णयानंतर वर्षाच्या आत पाऊल उचलले, तर भरपाईची मूळ तारीख राखता येते.

सेवेत असलेल्या प्रत्येकाने पहिल्या मुंग्या, पहिली कळ डॉक्टरांच्या कागदावर नोंदवावी. तो भित्रेपणा नव्हे, स्वतःच्या श्रमाचा दाखला आहे. दावे तपासणाऱ्यांनीही कागदावर तारीख नाही म्हणून इजा नाही, असे मानू नये. कर्तव्य बजावताना झिजलेला हात हे देशावरचे ऋणच आहे, आणि ते रणांगणावरच्या जखमेइतक्याच मानाने फेडले गेले पाहिजे.